चौकातली ओळख

औलस,

तुझी परटीण आजी व्हिबिया लिहिते आहे. तू अक्षरं गिरवायचास तेव्हा शेजारी बसून जेवढी शिकले, तेवढ्यांतच भागवते.

सेनेटरनं तुला दत्तक घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. काल तू खडूनं पांढराशुभ्र केलेला झगा घालून चौकात मतं मागत आलास. मागे नवा बाप, कानाशी लोकांची नावं सांगणारा गुलाम. माझा नुमेरियस, तुझा जन्मदाता, पहाटेपासून गर्दीत पुढे उभा होता आणि त्याच्यामागे मी. गुलाम चुकला. कुजबुजला, "ओपियस, पाववाला." तुझा चेहरा उतरला. तू नव्या बापाकडे पाहिलंस, मग नुमेरियसचा हात धरून म्हणालास, "काय ओपियस, भट्टी कशी चाललीय?"

"जोरात, साहेब!" तो म्हणाला. डाग निघावेत म्हणून जन्मभर शिळ्या मुतात कपडे तुडवणारा माणूस, म्हणे पाव भाजतो!

घरी आल्यावर मी म्हटलं, "थोबाडीत द्यायची होतीस!" तर म्हणतो, "आई, त्यानं माझा हात किती घट्ट धरला होता गं. चारचौघांत पोराला तोंडघशी पाडू? आणि त्याला काही कळवलंस तर माझी शपथ आहे." म्हणून हे पत्र माझ्याच पेटीत राहणार.

मी त्याला भित्रा म्हणाले. पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही. तू पुढे गेलास तेव्हा शेजारची हेल्विया ओरडली, "अगं, हा तुमचाच औलस ना?"

मी म्हटलं, "छे! आमचा दिसायला बरा होता."

कायद्यानं तुझी कुणी नसलेली,
आजी