पावलांपासून सुरुवात

मंगळवार, ता. ११

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबांचं फ्रेमचं दुकान चालू आहे. गुडघे कुरकुरतात, आणि ते कमी पडतं म्हणून तुझी भावजयही कुरकुरते.

भाचीने तुझा निरोप दिला. "मामाला म्हणावं, आता शेवटचं विचारते, माझ्याकडे येणार आहे की नाही." तीन वर्षं मी कधी मोठी ऑर्डर, कधी गुडघे, कधी काचेची गाडी यायची आहे, असं काहीबाही सांगत आलो. कारणं संपली, म्हणून पत्र लिहितोय असं समज.

आधी गंमत सांगतो. मी ध्यानाला बसायला लागलोय. हसू नकोस. रक्तदाब उतरवायचा तर रोज पंधरा मिनिटं गप्प बसा, असं डॉक्टरांनी बजावलं. मला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून बाबांनी आपल्याला शिकवलं होतं तसं विष्णूला धरलं. दुकान उघडण्याआधी कापायच्या टेबलापाशी स्टुलावर बसतो. आधी पावलं, मग पीतांबर, कंबर, चार हात, आणि शेवटी तो हसरा चेहरा. घाई करून थेट चेहऱ्याकडे जायचं नाही, असा बाबांचा दंडक होता.

हातांशी माझं छान जमलं. शंख, चक्र, गदा, पद्म. चक्र म्हणजे आपलं मन, सारखं गरगरणारं, आणि गदा म्हणजे बुद्धी, असं बाबा सांगायचे. माझं चक्र जोरात चालू आहे, गदा कुठे ठेवलीय ते आठवत नाही. आणि त्या चोवीस नावांची तर मौजच. केशव, माधव, गोविंद... हात तेच चार, वस्तू त्याच चार, कुठली कुठल्या हातात एवढं बदललं की नाव नवं. मी दुकानात शेठ, घरात 'अहो', भाचीचा मामा, तसंच की हे! रोज एक नाव घेऊन बसायचो आणि मजेत उठायचो. फक्त 'अच्युत' आलं की ते टाळून पुढच्या नावावर जायचो. आपल्या जागेवरून न ढळणारा, असा त्याचा अर्थ.

आता खरं सांगतो. ताई, मला पावलं दिसायचीच नाहीत. पीतांबराच्या काठापर्यंत यायचो, आणि खाली लोखंडी पट्टी दिसायची, सुरी दिसायची.

बाबांचं ते विष्णूचं चित्र तीन वर्षांपूर्वी तुला फ्रेम करून दिलं, तेव्हा खालच्या बाजूला वाळवी लागली होती, तेवढं काढावं लागलं, असं मी म्हणालो होतो. वाळवी नव्हती. तयार पडलेली एक फ्रेम दोन इंच आखूड होती, आणि नवी करायचा मला कंटाळा आला होता. पट्टी ठेवली, सुरी ओढली. खाली काय होतं ते कापल्यावर पाहिलं. तू चित्र हातात घेतलंस, बराच वेळ पाहिलंस आणि 'बरं' म्हणालीस. ते चित्र तुझ्या भिंतीवर आहे, आणि त्याच्यासमोर येऊन बसायची माझी छाती होत नाही.

गेल्या आठवड्यात एक निवृत्त नर्सबाई विष्णूचं चित्र घेऊन दुकानात आल्या. मी सवयीने कडेची पुठ्ठ्याची चौकट वर ठेवून बघितली. त्यांनी माझा हात धरला. "पावलं झाकू नका हो," म्हणाल्या, "मी तिथूनच सुरू करते."

मी म्हटलं, मोठी फ्रेम नव्याने करून देतो, दोन दिवस लागतील. चार लागले. कोपरे दोनदा जोडले. चार दिवस ती पावलं माझ्यासमोर टेबलावर होती. काल सकाळी डोळे मिटले आणि दिसली की गं, नखांसकट! इतका आनंद झाला की मोठ्याने हसलो, आणि हसताहसता रडलो. समोरचा शिंपी धावत आला. त्याला सांगितलं, डोळ्यात काच गेली. ही थाप माझी शेवटची.

तो आनंद तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि हे कबूल केल्याशिवाय तो सांगता येईना. कापलेला तुकडा मी फेकून दिला, तो काही परत येणार नाही. आता मी यावं की नाही, ते तू ठरव.

तुझा, कसाही असला तरी तुझाच,
धाकटा

शुक्रवार, ता. १४

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वाळवी फूटपट्टी लावून खात नाही, एवढं फ्रेमवाल्याच्या मुलीला कळतं. तुझ्या दुकानात उभी होते तेव्हाच कळलं. म्हटलं, चार दिवसांत सांगेल. तू तीन वर्षं घेतलीस.

रागावले होते, खूप रागावले होते. पहिला महिना ध्यानाला बसले की तुझं नाव यायचं, आणि ज्या विशेषणांसकट यायचं ती काही त्या चोविसांत बसणारी नव्हती. मग राग कधी गेला ते कळलंही नाही.

पावलांचं मनाला लावून घेऊ नकोस. चित्र लागतं ते ओळख होईपर्यंत. बाबांच्या शेजारी बसून लहानपणापासून पाहिलीत मी ती. तू कापलीस ती कागदावरची. डोळे मिटले की अंगठ्यापासून चेहऱ्यापर्यंत तो अख्खा उभा राहतो.

तू मात्र राहत नाहीस. डोळे मिटून तुला आठवायला जाते, तर तीन वर्षांपूर्वीचाच दिसतोस. केस किती पिकले, गाल किती बसले, मला काही ठाऊक नाही.

रविवारी सकाळी ये. येताना काही आणू नकोस, नवं चित्र तर नाहीच. तुला समोर बसवून नीट बघायचंय.

दार उघडं ठेवून बसलेली,
ताई