आपल्या तांड्याच्या पानावरची पहिली ओळ

प्रिय रंजू,

सोमवारी सकाळी मी ऑफिसला गेलो नाही. डबा घेतला, तुझ्या याडीला (शाळेत 'आई' शिकलीस तरी तू याडीच म्हणत राहिलीस) नेहमीसारखं "येतो" म्हटलं, आणि मंगरूळपीरला वाशीमच्या गाडीत बसायच्या ऐवजी रस्ता ओलांडून मानोऱ्याच्या गाडीत बसलो. पोहरादेवीला यात्रेचे दिवस नव्हते, दुकानं अर्धी बंद होती. सेवालाल महाराजांच्या समाधीसमोर तासभर बसलो. मागायला गेलो नव्हतो, विचारायला गेलो होतो. पण काय विचारायचं तेच नीट जुळेना. खिशात एका चिठ्ठीवर तुझ्या अर्जाचा नंबर लिहिलेला होता. ती चिठ्ठी समोर ठेवली आणि परत खिशात घातली.

तू फोनवर चिडली होतीस. "बाबा, तुमच्या ऑफिसात तो कोण खडूस बसलाय? एकदा म्हणे शिक्का फिका आहे, एकदा म्हणे दुसऱ्या पानावर सही नाही. मुद्दाम करतोय तो." मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. रंजू, तो खडूस मीच. जूनपासून ते टेबल माझ्याकडे आहे, तुला सांगितलं नाही. शिक्का चांगला निळा, ठसठशीत होता. सहीसुद्धा होती, जरा खाली होती एवढंच.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या सर्वेक्षणातली माहिती संशोधनासाठी कोणाला द्यायची याचे नियम आता मला पाठ झाले आहेत. एकट्यादुकट्या माणसाला नाही, कंपनीला नाही, मान्यताप्राप्त संस्थेलाच. संस्थेच्या नैतिकता समितीचं पत्र हवं. ज्या कामासाठी मागितलं त्याच कामाला वापरायचं. नावं, आधार नंबर काढून टाकलेले असणार. ऑफिसच्याच खोलीत, ऑफिसच्याच संगणकावर बघायचं, मोबाईल दारात ठेवायचा. आणि शेवटी लिहून द्यायचं की यातल्या कोणाचीही ओळख पटवण्याचा प्रयत्न करणार नाही. तू सगळ्यात बसतेस. तुझ्याइतका पूर्ण अर्ज मी या टेबलावर पाहिला नाही. पलीकडच्या टेबलावरचे दौलतराव रोज टोमणा मारायचे, "देवानंदभाऊ, फाईल उबवून राह्यले का? पिल्लं कवा निंगतीन?" मी हसायचो आणि फाईल ढिगाच्या तळाशी सरकवायचो.

नियम वाईट नाहीत. ज्यानं केले त्यानं बायकांच्या अब्रूचा विचार केलेला दिसतो. पण अर्ज करणारी त्याच तांड्यात वाढलेली असेल, हे त्याच्या मनात आलं नसावं. गाव, ऑपरेशनच्या वेळचं वय, मुलं किती, हे रकाने राहतातच, ते काढले तर उरतं काय? पुण्याच्या माणसाला ते आकडे. तुला ते शेजारपाजार. तू लिहून दिलं आहेस की ओळख पटवण्याचा प्रयत्न करणार नाही, आणि तू शब्द पाळशील. पण प्रयत्न न करताही पटेल, बेटा.

ते सर्वेक्षण झालं तेव्हा तू अमरावतीला कॉलेजात होतीस. मी तेव्हा शिपाई होतो, रजिस्टर घेऊन नर्सबाईंच्या मागे फिरायचो. आपल्याच तांड्यात एकही बाई तोंड उघडेना. कोणी पदर तोंडावर घेई, कोणी म्हणे भाकर तव्यावर आहे. नर्सबाई उठायला निघाल्या तेव्हा एकजण पुढे आली, म्हणाली, "माहं लिवा आधी. पण नाव कोनाले कळू देऊ नका." मग बाकीच्या बसल्या. एकेचाळीस बायका. मी सेवालाल महाराजांची आण घेऊन त्यांना सांगितलं होतं, नाव बाहेर जाणार नाही.

तू सात-आठ वर्षांची असताना रामनवमीला पोहरादेवीला नारळ घेऊन हट्ट धरला होतास, आठवतं? सगळ्यांना भाऊ आहे, मलाच का नाही. नारळ तूच वाहिलास, डोळे घट्ट मिटून. याडी म्हणाली, देवानं एकच दिली, त्याची मर्जी. मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेलो. पुढची तीन वर्षं तू नारळ वाहत राहिलीस आणि दर वर्षी मी चपला शोधत राहिलो.

सोमवारी पोहरादेवीहून आलो तेव्हा याडी अंगणात तूर पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. अर्ज, शिक्का, सही, महाराजांची आण. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "दोन महिने तुमी एकटेच ठरवून राह्यले! मले काहून नाही इचारलं? ते ओळ माही हाय का तुमच्या हापिसाची?" मग सूप परत हातात घेऊन म्हणाली, "लेकीले कागदातून कळन्यापरीस तुमी लिवा. तवा मी खोटं बोलली म्हना. आता तिच्यासंग खोटं नाही बोलनार."

म्हणून हे पत्र. आपल्या तांड्याच्या पानावर पहिली ओळ आहे: ऑपरेशनच्या वेळी वय तेवीस, अपत्य एक, मुलगी. ती तुझी याडी आहे. आम्ही दोघं तेव्हा ऊसतोडीला, कोयत्यावर होतो, तू तीन वर्षांची. तिच्या पोटात दुखायचं, कामाचा खाडा परवडत नव्हता, डॉक्टर म्हणाले काढून टाका, कटकट जाईल. तिला कोणी विचारलं नाही. कागदावर सही माझी आहे. देवाची मर्जी त्यात कुठंच नव्हती. आज सकाळी पावणेअकराला मी साहेबांच्या हातात लेखी दिलं की अर्जदार माझी मुलगी आहे, मी पहिल्याच दिवशी बाजूला व्हायला हवं होतं, दोन्ही त्रुटी खोट्या होत्या आणि अर्ज नियमाप्रमाणे पूर्ण आहे. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. तुझी फाईल आता दौलतरावांच्या टेबलावर आहे, सगळ्यात वर.

तुझाच बाबा,
आणि शेजारी बसून ओळ न् ओळ वाचायला लावणारी तुझी याडी