आखलेले डोळे

अण्णा,

रोह्याच्या पुढे खाडीकाठी एक जुनं चर्च आहे, तिथे परवा फोटो काढायला गेले होते. पेणहून सकाळची एसटी धरली, रोह्याला गाडी बदलली, आणि बॅग खांद्याला लावून तो चढ चढेपर्यंत कंबर बोलायला लागली. लग्नांची कामं मी आता सोडलीत. पोरं ड्रोन उडवतात, आपण कडेला उभं राहायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. पण तिथल्या फादरांचा निरोप आला, खाऱ्या वाऱ्यानं थडग्यांवरची नावं पुसत चालली आहेत, वाचता येतात तोवर एकेकाचा फोटो काढून ठेवा. चर्च आतून साधंच आहे. हातभर जाड भिंती, चुना, वेदीवर काळं पडलेलं लाकूड. ते तासाभरात झालं. मग मागच्या आवारात उतरले आणि एकेका दगडापुढे उकिडवी बसत गेले. गुडघ्यांचं काय सांगू तुम्हाला.

त्यांचा मेलेल्यांचा दिवस जवळ आला होता, म्हणून एक म्हातारी नारळाच्या सोडणानं आपल्या आईचं थडगं घासत होती. क्रूसाखाली चिनी मातीच्या चकतीवर भाजून उतरवलेला फोटो होता. फोकस करायला वाकले आणि तशीच राहिले. चेहरा त्या बाईचा. डोळे मात्र आपल्या भिंतीवरच्या फोटोतले, आईचे.

तुम्ही हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी, मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, शिकलात, मग पेणला स्टुडिओ टाकलात, हे मला ठाऊक होतं. ज्याचा जिवंतपणी फोटोच नाही त्याचा मेल्यावर काढायचा आणि फोटोतले मिटलेले डोळे ब्रशनं उघडून द्यायचे, हेही पाहिलं आहे. माणसं लांबून यायची. तुम्ही श्वास धरता, वरची पापणी एका ओढीत आखता, शेवटी बाहुलीत पांढरा ठिपका ठेवता. मी दाराशी उभी असते आणि मला वाटतं, माझ्या बापाला मेलेलं माणूस जागं करता येतं. पण तुमच्या हाताला डोळ्यांची एकच जोडी येत होती, अण्णा, हे परवा त्या दगडापुढे कळलं. लांब, शांत, कानाकडे ओढलेली. गणपतीची. तीच तुम्ही सगळ्यांना दिलीत.

आणि आईला पण. फोटोवाल्याच्या बायकोचा जिवंतपणीचा एक फोटो नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नवं लुगडं आलं की काढू, गणपती झाले की काढू, असं करता करता ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. पुढे आरसा घेऊन मी तिच्या फोटोखाली बसायची. नाक जमायचं, हनुवटी जमायची, डोळे काही जमायचे नाहीत. आत्या म्हणायची, पोर आईवर गेलीच नाय. एकदा धीर करून तुम्हाला विचारलं, आईचे डोळे माझ्यासारखे होते का? तुम्ही फटकारलंत, "फोटू हाय ना समोर? बघ की! सारखं सारखं काय इचारतेस?" पुन्हा विचारलं नाही. त्या डोळ्यांनी ती मला ओळखत नाही, असं वाटून मी कितीदा रडले आहे. हे डोळे मी आखलेत, एवढं एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

म्हातारीला विचारलं, तुमची आई अशीच दिसायची का? ती घासायची थांबली. "नाय गो. हा फोटू मेल्यावरचा. माझं लगीन झालेलं तवा. आयचे डोळे बारीक, जरा तिरपे, हसली का मिटायचेच. पर आता आठवाया गेलं तर हेच येतात." चकतीवरून पदर फिरवत म्हणाली, "निदान उघडे तरी हायेत."

तिच्याकडे तिची आई निदान सांगण्यापुरती तरी आहे. माझ्याकडे कुणीच उरलं नाही, तुम्ही गेलात, आत्याही गेली. माझे डोळे आईचे असतील किंवा नसतील, आता कोण सांगणार? घरी आल्यापासून मला तुमचा राग येतो आहे, आणि दमलेल्या माणसाला राग फार काळ पेलत नाही, म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, तो प्रश्नच नाही.

एक मात्र कबूल करते. मी बॅग आवरत होते तेव्हा म्हातारीनं विचारलं, "हा फोटू काढणारा पेणचा कुणी फोटूवाला व्हता म्हणं. तुला ठावं हाय का गो?" मी म्हटलं, नाही. तुमची लाज वाटली म्हणून नव्हे. तिनं तुम्हाला तोंडभर दुवा दिला असता, आणि तो मला ऐकायचा नव्हता.