हळदीकुंकवाची युनियन

देवास, ६ जानेवारी २०२५

चि. विद्युल्लता हिस यशवंतदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पीथमपूरच्या कारखान्यांत ठेक्यावर जाणाऱ्या सत्तर बाया तुझ्या नव्या युनियनला तयार झाल्या, हे मला दीपेशकडून कळावं? पोरगा माझा, गुणगान आत्याचं! बाबा, जरा बुआकडून शिका, म्हणतो. अठ्ठावीस वर्षं मी आमच्या युनियनचा अध्यक्ष. गेटसभेला कचोरी ठेवली तरी वीस टाळकी जमत नाहीत. खरं सांगतो, पोटात दुखतं. काय जादू करतेस ते लिही.

लोभ आहेच, मत्सरासकट.

यशवंत


धार, १७ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

जादू कसली! गेटवर सभा घेतली की ठेकेदाराचा माणूस आपल्याआधी हजर. म्हणून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपासून आम्ही घरोघरी हळदीकुंकू करतो. तिथे सुपरवायझरला काय, कुठल्याच पुरुषाला मज्जाव. मी भाषण करत नाही. कुणाला काय खुपतं ते ऐकते. जिचं बाकीच्या ऐकतात तिला पुढे करते, मग ती आपल्या घरी बोलावते. नोंदणीचा अर्ज जाईपर्यंत एकही नाव फुटायचं नाही, फोनवरसुद्धा.

फक्त तुला, पुढाकार घेणाऱ्या पाच जणींचा फोटो नावांसकट पाठवते. सोबत तिळगूळ. गोड बोल, एवढंच मागणं.

विद्युल्लता


धार, २५ जानेवारी

दादा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. तो फोटो तू तुमच्या युनियनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलास, नावांसकट, आणि वर लिहिलंस की हे सगळं यशवंतरावांच्या मार्गदर्शनाखाली. तो फिरत फिरत ठेकेदारापर्यंत पोचला, आणि परवा त्याने त्या पाचही जणींना बसमध्ये चढू दिलं नाही. त्यांतल्या भवानीबाईच्या घरात ती एकटीच कमावती आहे. बाकीच्या आता मला दार उघडत नाहीत.

कळलं नाही, असं लिहू नकोस. तुला सगळं कळतं.

विद्युल्लता


देवास, २९ जानेवारी

चि. विद्युस आशीर्वाद.

कळत होतं. ग्रुपवर जो तो तुझंच कौतुक करत होता. एकाने तर लिहिलं की भिया, कमाल तो आपकी बहन ने की. माझंही नाव लागावं म्हणून टाकला. जळफळाट, दुसरं काही नाही. लहानपणी तुझा पहिला नंबर आला की मी जेवत नसे, ते तुला ठाऊक आहे.

उद्या येतो. पाचही घरी जाऊन पाय धरतो, आणि त्यांना कामावर परत घेण्यासाठी लेबर ऑफिसचे कागद मी करतो.

रागाव, पण तोडू नकोस.

यशवंत


धार, १२ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

नोंदणीचा अर्ज गेला. त्यावर सात सह्या लागतात. पहिल्या पाच त्या पाच जणींच्याच. आता लपवायचं काय उरलं, असं म्हणून भवानीबाईने बसथांब्यावर सगळ्यांदेखत सही केली. ते बघून बंद दारं उघडली. एकशे बारा जणी झाल्या. तू केलेले कागद बिनचूक होते, पण त्या पाच जणी अजून घरीच आहेत.

नावं धाडसाने जाहीर केलीस म्हणून तुझ्या युनियनने तुझा सत्कार ठरवलाय, असं दीपेश सांगत होता. ऐकून माझा जीव जळला, दादा. ती शाल भवानीबाईची आहे. आणि लाज सोडून लिहिते, थोडी माझीही. तू अजून नाही म्हणाला नाहीस, हेही दीपेशनेच सांगितलं.

लोभ ठेवायचा असेल तर उद्याच नाही म्हण.

विद्युल्लता