घराखालची होडी

प्रिय अब्बा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. पत्र आज लिहितोय, कारण काल इथे बहरीनला, गुदैबिया भागातल्या हॉटेलात चहा पिताना मी पुन्हा एकदा तुम्हाला लपवलं.

ऑफिसातले कुलकर्णी माझे जपानचे फोटो बघत होते. मच्छीमारांचं जुनं गाव, पाण्याला लागून लाकडी घरं. खाली होडी, वर माणसं. ते म्हणाले, "होडी घराखाली ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल हो?"

मी नुसता हसलो. माझ्या वडिलांच्या डोक्यात आलं होतं, एवढं सांगायला काय झालं होतं मला?

आठवतं ना? खाडीकाठी आपलं नवं घर बांधत होतो. तुम्ही म्हणालात, "खालचा गाळा खाडीकडे मोकळा ठेव. होडी उन्हात तडकते रे." मी बहरीनहून फोनवर सांगितलं, पाहुणे येतात, होडीला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास येईल, तिथे गाडी राहील. वर्षातून एक महिना येणाऱ्या माणसाची गाडी!

तुम्ही भांडला का नाहीत, अब्बा? "बरं" म्हणालात आणि होडीवर माडाची झापं घालत राहिलात. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या फळ्या उकलल्या. मग तुम्ही खाडीत उतरलाच नाहीत.

जपानात आम्ही अशाच एका घरात उतरलो. तेलाचा, ओल्या जाळ्याचा तोच वास. मी त्याचं कौतुकही केलं! तुमची सून शबाना हळूच म्हणाली, "अब्बा इथून हलले नसते." खाली म्हातारे घरमालक जाळं सांधत होते. त्यांनी फोनवर भाषांतर करून विचारलं, "तुमच्या घराखाली काय असतं?"

"गाडी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, अगदी तुमच्या "बरं"सारखी, आणि परत जाळ्याकडे वळले.

हे लिहून मी स्वतःला स्वस्तात सोडवतोय का? असेनही. म्हणून शब्द देतो. इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं की कुलकर्णींना सांगेन, तुम्ही कोण होतात आणि तुम्ही काय मागितलं होतंत. पुढच्या सुट्टीत होडी, जेवढी उरली असेल तेवढी, गाळ्यात आणीन.

गाडी उन्हात राहील.

तुमचा,
अन्वर