ताई ज्युनिअर झाली

४ जून

चि. चिमीस,
अ. उ. आ.

मी फोन करावा तर तू हवेत, तू करशील तेव्हा मी हवेत. म्हणून तुझ्या मैत्रिणीच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. तुमच्या कंपनीने आमची कंपनी गिळली, त्याची सीनियॉरिटीची यादी गेल्या महिन्यात लागली. आमची सगळी वर्षं पुसून आम्हाला तुमच्या शेवटच्या एअर होस्टेसच्या खाली बसवलंय. तुझ्या वेण्या घालून देणारी मी, आता तुझ्यापेक्षा ज्युनिअर. तुला मॅडम म्हणायचं का, तेवढं कळव.

चौघींचं काम आता तिघी करतो. विमान तेवढंच, प्रवासीही तेवढेच. मागची दोन्ही दारं मी एकटी सांभाळते, त्याचं काही नाही. पण ड्यूट्या आधी सीनियर निवडतात आणि उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं. माझ्या मंगळवार-शुक्रवारच्या सुट्ट्या गेल्या. आता बहुतेक दिवस स्टँडबाय, बोलावणं आलं की तासाभरात हजर. गेल्या शुक्रवारी आईला डायलिसिसला शेजारच्या काकू घेऊन गेल्या. आई सुईला किती घाबरते ते तुला माहीत आहे.

वेळेवर जेवत जा.
तुझी,
ताई

१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मॅडम म्हणालीस तर चालेल, पण आईसमोर नको. तुझं पत्र वाचून मी गप्प बसले नाही. तुझी वर्षं पुसून मला जो वरचा नंबर मिळाला, तो आईच्याच कामी येऊ दे. तुमच्या बेसला, म्हणजे आपल्या घरच्या विमानतळावर, बदली मागितली आणि मंजूरही झाली. तिथे मंगळवार-शुक्रवार मला सहज मिळतील. खोली सोडते म्हणून घरमालकीणबाईंना सांगितलं. पुढच्या महिन्यापासून आपण तिघी एका घरात. माझी भांडी आणत नाही, तू नावं ठेवशील.

माया आहेच, ती अशीच राहो.
तुझी,
चिमी

१९ जून

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि कंपनीचा हुकूम एकाच दिवशी हातात पडले. कंपन्या एक झाल्यापासून प्रत्येक बेसची माणसं ठरवून दिली आहेत. वरून एक आली की तळातली एक बाहेर. तू वरून आलीस आणि तळात मी होते. मला तुझ्याच रिकाम्या जागेवर धाडलंय. गणपती करायला गेलीस आणि मारुती झाला. नियम नवा आहे, तो तुला कुणी सांगितला नसेल, मलाही नव्हता. तरी राग आलाय, तो लपवत नाही. एकदा विचारायचं तरी होतंस.

कपाटाची किल्ली आईच्या उशाखाली ठेवली आहे.
ताई

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी घरात पाऊल टाकलं आणि तू त्याच सकाळी गेलेली. तुझ्या पलंगावर झोपायची लाज वाटते. आईने दोनदा मला ताई म्हणून हाक मारली. मी उद्याच बदली रद्द करायचा अर्ज देते. शक्य झालं तर माफ कर.

तुझीच,
चिमी

८ जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

अर्ज देऊ नकोस. युनियनमध्ये विचारून आले. तू ती जागा सोडलीस तर ती तुझ्या खालोखाल नंबर असलेल्या बाईला जाईल, मला नाही. मग मंगळवारी आईजवळ दोघींपैकी एकही नसेल. तेव्हा मी इथेच बरी. खोली ठीक आहे. तुझ्या घरमालकीणबाईंना मी तुझी आई वाटले, त्याचं उट्टं मी सावकाश काढीन.

आता नीट वाच. सुया डाव्या हातात टोचतात, म्हणून तू उजवीकडे बस. घरून शाल ने, तिथे तिला थंडी वाजते. नर्स सुई घेऊन आली की आई तुला चहा पिऊन ये म्हणेल, हसून म्हणेल. जाऊ नकोस.

राग आहे अजून, लोभ त्याहून जास्त आहे.
तुझी,
ताई