मागच्या भिंतीची किंमत

॥ श्री ॥

शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, माघ वद्य पंचमी, मुक्काम अमरावती. लिहून ठेवणार आडकू वल्द पुंजाजी, वय अंदाजे चौतीस, धंदा चुन्याचा गिलावा. मला ताप नाही, नशा नाही, कोणाची जबरदस्ती नाही. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या त्या पचल्या आहेत. मी सांगतो आणि मोरोपंत लिहितात. धडधाकट माणसाला मृत्युपत्राची एवढी घाई कशाला, असे त्यांनी दोनदा विचारले. उद्या सकाळी महादेवराव अडत्यांच्या कापसाच्या गोदामाची मागची भिंत मी उघडणार आहे, म्हणून.

कलम पहिले. भाजीबाजारामागचे दोन खणांचे घर माझी बायको कौशल्या हिचे. भावकीने त्यात नाक खुपसू नये. माझ्या लग्नात पंगतीतून रुसून उठलेल्या चुलत्यांनी तर मुळीच नाही. शहरभर लोकांच्या भिंती मी आरशासारख्या घोटल्या, पण घरच्या भिंतींना अजून तिच्या हातचे शेणामातीचे सारवणच आहे. "लोकायच्या भिती चकचकीत, अन् आपल्या?" असे ती म्हणे. मी दिवाळीचा वायदा करी. अशा तीन दिवाळ्या गेल्या. याची मला लाज वाटते.

कलम दुसरे. शिशाचा ओळंबा, दोरीसह, माझा नाही. उस्ताद नत्थुजी यांच्या हाताखाली मी अकरा वर्षे काम केले. गेल्या साली कापसाला सोन्याचा भाव आला, जो तो गोदामे बांधू लागला, आणि मला वाटले, दुसऱ्यासाठी किती दिवस राबायचे? भांडून निघालो तेव्हा हा ओळंबा मी त्यांच्या पेटीतून उचलला. त्यांनी ते पाहिले होते. दारापर्यंत येऊन एवढेच म्हणाले, "आडक्या, किंमत सांगाच्या आंधी भिताडाले इचार." मोठे काम घेण्याआधी नत्थुजी सगळ्या भिंती थापीच्या दांड्याने ठोकत, कान लावत हिंडत, आणि मगच आकडा सांगत. मला तो म्हातारपणाचा चाळा वाटे. ओळंबा उद्यापुरता मला लागेल. नंतर तो त्यांना परत द्यावा.

कलम तिसरे, आणि हेच मुख्य. महादेवरावांचे गोदाम हे माझ्या स्वतःच्या नावावरचे पहिले मोठे काम. त्यांनी मला गादीवर शेजारी बसवले. आजवर मला कोणी गादीवर बसवले नव्हते. "बोल, किती घेशीन?" एका खणाचा भाव मला पाठ होता. गोदाम साठ खणांचे; मी बसल्या जागी साठपट केली आणि वर मोठेपणाने दहा रुपये सोडले. त्यांनी पानाचा विडा पुढे केला, मी तो उचलला. आमच्या धंद्यात विडा उचलला की भाव पक्का. पुढे काही निघाले तरी आकडा हलत नाही. उंच भिंतीला परांची बांधावी लागते, एवढा चुना महिनोन् महिने भिजवावा लागतो, पाणी लांबून आणावे लागते, यातले काहीच त्या साठपटीत नव्हते. आणि भिंत तर मी पाहिलीच नव्हती.

विडा चघळत मागे गेलो आणि थापीने ठोकले. नाल्याकडची भिंत पोकळ वाजली. काळ्या मातीवर घाईघाईने उभारलेली, खाली मुरुमापर्यंत पाया नाही, मधोमध बोट जाईल एवढी भेग. दुरुस्ती सांगावी तर खर्च माझ्याच अंगावर, कारण भाव ठरून गेलेला. मी भेगेत विटांचे तुकडे आणि ताग कोंबला, वर गिलाव्याचे दोन थर दिले आणि गारगोटीने असे घोटले की महादेवरावांनी त्यात पाहून मिशी नीट केली. त्याच भिंतीच्या नावावर मला अकोल्याची दोन गोदामे मिळाली.

आता आत कापूस आढ्यापर्यंत दाबून भरला आहे. परवा मी ओळंबा लावला. माथ्याला भिंत चार बोटे बाहेर आली आहे. बाहेर तिच्या सावलीत रोज सतरा बायका कापूस निवडायला बसतात. माझी विधवा बहीण जमुना त्यांतलीच.

महादेवरावांना जाऊन सांगितले. ते म्हणाले, "आठ दिस थांब. भाव पडून राहिला, मी माल आता कुठी हलवू? अन् तूच तं लिपलं, आता तूच बोंबलून राहिला?" त्यांचे शेवटचे बोलणे खोटे नव्हते, म्हणून फार लागले. मोरोपंतांकडून कचेरीत अर्ज दिला; साहेब दौऱ्यावर आहेत. बायकांना सांगितले तर त्या हसल्या. जमुना भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "दादा, येवढी गुयगुयीत भीत कशी पडन? तुह्याच हातची हाय ना?"

मला तिथेच रडू आले. तिला वाटले, डोळ्यात चुना गेला.

कलम चौथे. उद्या फटफटताच, बायका येण्याआधी, मी सहा बल्ल्यांचे टेकू लावून गिलावा उतरवणार. भेग उघडी दिसली की तिथे कोणी बसणार नाही, आणि महादेवरावांनाही माल हलवावा लागेल. सोबत कोणाला नेणार नाही. काल नत्थुजींना जाऊन सगळे सांगितले, तेव्हा ते येतो म्हणाले. त्यांच्या पाया पडून मी नको म्हटले. भिंत कोणत्या बाजूला येईल ते ओळंब्याने सांगितलेच आहे, आणि गिलावा उतरवणाऱ्याला त्याच बाजूला उभे राहावे लागते.

कलम पाचवे. अकोल्याच्या कामांचा विसार कोनाड्यातल्या गाडग्यात आहे. तो परत पाठवावा. त्या भिंतीही मी न पाहताच भाव बोललो होतो. अंगणातल्या कुंडीतला चुना पोळ्यापासून भिजतो आहे, तो येत्या दिवाळीपर्यंत कोणी उपसू नये. मग त्या चुन्याने कौशल्याच्या घराला गिलावा करावा. जो गवंडी करील तो मागेल ती मजुरी माझ्या शिलकेतून द्यावी, घासाघीस करू नये. माझी थापीही त्यालाच द्यावी.

कलम सहावे. उद्याच्या कामाचे महादेवरावांकडून काही मागू नये, विडासुद्धा घेऊ नये. या कामाची किंमत मी भिंतीला विचारून ठरवली आहे. ती मला परवडते. कौशल्याला परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. सकाळपासून तिने माझ्याशी बोलणे टाकले आहे. भीती वाटते का, असे मोरोपंत विचारतात. वाटते. तसेच लिहा.

उद्या दिवस मावळेपर्यंत मी घरी आलो तर हा कागद मोरोपंतांनी माझ्यासमोर फाडावा.

आडकू वल्द पुंजाजी. लिहिता येत नाही, सबब निशाणी थापी.
दस्तुर मोरोपंत.

साक्षी:
नत्थुजी गवंडी, निशाणी ओळंबा.
भगवंतराव, शेजारी, सही स्वतःची.

शेरा, मोरोपंतांचा. माघ वद्य षष्ठी, दिवेलागण. सतराही बायका सुखरूप. कागद फाडला नाही.